नववा

अहवाल सोळा पानांचा. दुपारच्या टपालाने आला,
पिझ्झाच्या जाहिरातीखाली, पायपुसण्यावर पडला होता.
उभ्या उभ्याच फोडला, पायांत कामाचे बूट,
आणि नजर गेली ती थेट नऊ या आकड्यावर.
नववा पर्सेंटाइल.
म्हटलं, वा, पहिल्या दहात आहे की पोरगा!
साताऱ्याला फोनही लावला. अण्णा म्हणाले,
“तिकडच्या पोरांत नववा, म्हणजे खायचं काम आहे का?”
आणि चपला शोधत पेढे आणायला निघाले.

चारुलता रात्री ड्यूटीवरून आली. कोट न काढता वाचत राहिली.
“अरे,” ती म्हणाली, “हा नंबर खालून मोजतात.”

शंभर मुलं रांगेत उभी केली
तर निषादच्या मागे आठ.
रांग होती चिन्हं उतरवण्याच्या वेगाची, फक्त तेवढ्याचीच,
पण ते कळायला मला गुरुवार उजाडावा लागला.
त्या रात्री एकच रांग दिसत होती
स्टॉकपोर्टच्या शाळेच्या ओल्या डांबरावर,
नव्वदच्या वर पाठी, सगळ्या एकसारख्या गणवेशात,
आणि शेवटाकडे कुठेतरी एक नाडी सुटलेला बूट.

मिसेस ऑल्डक्रॉफ्टच्या खोलीत खुर्च्या मुलांच्या होत्या.
आमचे गुडघे हनुवटीला.
त्यांनी आलेख आमच्याकडे फिरवला :
शब्दांचा ठिपका वर, कागदाच्या कडेला टेकलेला,
मग अंधारात एक पायरी चुकावी तसा एकदम खाली,
ऐकलेले आकडे डोक्यात धरून ठेवणं खाली, वेग त्याहून खाली.
मी विचारलं, “सगळं मिळून किती?”
“सगळं मिळून सांगणार नाही,” त्या म्हणाल्या.
“बेरीज करून भागता येतं. पण जो आकडा येईल
तो मुलगा आमच्या वर्गात नाही.”

डिस्लेक्सिया असू शकेल. असेलच असं नाही.
आणखी पाहावं लागेल.
मी हातावरच लिहून घेतलं, असू शकेल,
आणि ‘असू’चा सू पहिला की दुसरा, इथेच अडलो,
बेचाळिसाव्या वर्षी, नेहमीसारखा.
तेवढ्यात त्यांनी विचारलं, “घरात आणखी कोणाला?”
चारुलतानं माझ्याकडे बघितलं नाही.
फार काळजीपूर्वक बघितलं नाही.

चौथीत जंगम गुरुजींनी माझ्या वहीवर
लाल शाईत एकच अक्षर काढलं होतं. ढ.
बाकीची अक्षरं म्हणे शतकानुशतकं रूप बदलत आली,
हे एकटं होतं तसंच बसून राहिलं, म्हणून ढ.
ते अक्षर मात्र लिहिताना मी कधी चुकलो नाही.

सोळाही पानं चाळली, ओळीवर बोट ठेवून.
‘सरासरीपेक्षा कमी’ आहे. ‘वेळ वाढवून द्यावा’ आहे.
‘फळ्यावरून उतरवायला लावू नये’ आहे, हे मी दोनदा वाचलं.
ढ कुठेच नाही.
इंग्रजीत ते अक्षरच नाही.

“नाही,” मी म्हणालो. मग म्हणालो, “हो. मला.”

घरी येताना निषादला विचारलं,
ती चिन्हं उतरवायची होती ना, मध्येच थांबलास का?
“एक चिन्ह उलट्या कमानीचं होतं,” तो म्हणाला.
“मग मी बघत होतो, आपल्या पुलाच्या सत्तावीस कमानी
उलट्या लावल्या तर गाडी कुठून जाईल.”
पूल डोक्यावरच होता. मँचेस्टरची गाडी धडधडत गेली.
खरं कारण ते असेल.
किंवा हातच सावकाश चालत असेल.
दोन्ही असेल. मला आता एक उत्तर लागत नाही,
निदान पुलाखालून बाहेर पडेपर्यंत तरी.

पेढे आळीभर वाटून झाले होते.
“अण्णा,” मी म्हटलं, “नववा खालून.”
बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
“तुझा कितवा असेल रे?
तेव्हा कोणी मोजलाच नाही.”